देवीच्या झाडावरच्या रेघा

मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल सगळ्यांना माहीत असतं. ते दगडाचं फूल नव्हे, बऱ्याचदा ते झाडाच्या फांदीवरून खरवडलेलं असतं, असं मी सांगायला गेले की ऐकणारा "असं व्हय?" म्हणतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो. गेली काही वर्षं मी या दगडफुलाच्या भाऊबंदांमागे फिरते आहे. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार. बुरशीनं घर सांभाळायचं, शेवाळानं रांधायचं. घाई म्हणाल तर दोघांनाही नाही. कपाळावरच्या टिकलीएवढा ठिपका रुपयाएवढा व्हायला कधी कधी एखाद्या मुलाचं शिक्षण पुरं होईल एवढा काळ जातो.

मी श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर घरी. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे, म्हणून चाळिशीत ती करायला घेतली आणि विषय निवडला अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या अभयारण्यातली शैवाकं. शैवाकं पळून जात नाहीत, डसत नाहीत आणि त्यांच्यावर काम करणारी गर्दीही नाही, एवढा साधा हिशेब होता. आवड नंतर लागली. लग्नासारखंच झालं म्हणायचं.

काम कंटाळवाणं आहे, आणि मला ते कंटाळवाणं असल्यामुळेच आवडतं. गळ्यात भिंग, पिशवीत छिन्नी, हातोडी आणि धारदार चाकू. दगडावरचं शैवाक दगडाच्या कपचीसकट काढायचं, सालीवरचं सालीच्या ढलपीसकट. कागदाची घडी घालून पाकीट करायचं, त्यावर क्रमांक, जागा, उंची, झाड कुठलं ते लिहायचं. घरी आल्यावर सावलीत वाळवायचं. मग रसायनांच्या दोन बाटल्या. एकीतला थेंब टाकला की काही शैवाकं पिवळी पडतात, दुसरीतल्या थेंबानं काही लाल होतात, आणि बरीचशी ढिम्म राहतात. ढिम्म राहणं हेही उत्तरच असतं, तेही लिहायचं. मध्येच जिल्ह्याचं नाव बदललं. त्यामुळे माझ्या कपाटातली निम्मी पाकिटं एका जिल्ह्यातली आहेत आणि निम्मी दुसऱ्यातली, झाडं मात्र तीच.

वनखात्याची परवानगी माझ्याकडे होती. नखाएवढे तुकडे घ्यायचे, फांदी तोडायची नाही, सोबत वनरक्षक असेल तरच फिरायचं. वनरक्षक म्हणजे तिशीच्या आतली एक मुलगी होती, राहात्याकडची, चढावर माझ्या पुढे पळणारी. मी भिंग लावून एकाच दगडापाशी पाऊण तास बसले की ती मोबाईलला रेंज शोधत फिरायची आणि परत येऊन विचारायची, "म्याडम, सापडलं का काय?" सापडलं असलं तरी तिला दाखवण्यासारखं त्यात काही नसायचं.

प्रबंध जवळजवळ पुरा झाला होता. हत्ती गेला, शेपूट राहिलं, अशा वेळी आम्ही त्या देवराईत गेलो.

देवराई अभयारण्याच्या आतच आहे, एका वाडीला लागून. बाहेर चटका देणारं ऊन असलं तरी आत संध्याकाळ असते. मधोमध थोडी मोकळी जागा, तिथे दगडी ओटा, ओट्यावर शेंदूर लावलेली देवी, वर पत्र्याचं छप्पर. ओट्यामागे एक उंबर आहे. त्याच्या सालीवर राखाडी पातळ थर होता आणि त्यात काळ्या, वळवळत्या, मध्येच फाटे फुटलेल्या रेघा होत्या. कुणी बारीक पेन्सिलीनं गिरगिटून ठेवल्यासारख्या. या गटातलं शैवाक मी सबंध अभयारण्यात शोधत होते आणि मला कुठेही मिळालं नव्हतं. नुसत्या रेघांवरून त्याचं नाव सांगता येत नाही. रेघ उभी चिरून तिच्या आतले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात.

मी चाकू काढला तसा मागून आवाज आला, "बाई, हितलं काय न्ह्यायचं न्हाई."

हे वाडीतले म्हातारे भगत, देवीची पूजाअर्चा बघणारे. मी वनखात्याचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला नाही, पण आदरानं घडी घालून परत दिला. "सायबाचा कागद जंगलाला लागू हाय. ही देवीची राई. हितलं वाळलेलं पान बी आमी चुलीला न्हेत न्हाई." वनरक्षकानं मान हलवली. देवराईत कागद चालत नाही हे तिला माहीत होतं, फक्त मला सांगायला विसरली होती.

मी विचारलं, "मग काहीच मार्ग नाही का?"

"हाय की. देवीला कौल लावा. दोन बाजूला दोन फुलं चिकटवायची आन् इचारायचं. उजवं पडलं तर न्ह्या."

"तुम्ही लावा माझ्यासाठी."

"तसं न्हाई चालत. ज्याला पायजे त्यानं हात जोडून मागायचं."

इथे माझी गाडी अडली. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बेलापुरात प्रवरेच्या पात्रात सोडले, आणि त्यानंतर आमच्या घरातल्या कुणी कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत. मी काही फार चळवळी बाई नाही. पण ही एक गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरलेली आहे की ती मोडायची तर मला माझाच हात पिरगाळावा लागला असता. मला त्या रेघांचं नाव हवं होतं, आणि हात न जोडता हवं होतं. भगतांना मी म्हणाले, विचार करते. परत निघताना वनरक्षक हळूच म्हणाली, "म्याडम, ते जेवायला गेले की घ्या एवढुसं. कोन बघतंय?" सल्ला वाईट नव्हता. पण मागून नाही मिळालं म्हणून चोरायचं, हे मला हात जोडण्याहून जड गेलं असतं.

माझे मार्गदर्शक पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात. फोनवर म्हणाले, "फोटोवर नाव देता येणार नाही. बीजाणू बघा, नाहीतर सोडून द्या." सोडून द्या म्हणणं त्यांना सोपं होतं.

घरी वडील असतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. साखर कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून कुठे खडखड ऐकू आली की मान वळवून बघतात. त्यांना मी जेवताना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं लगेच वाटलं.

"कौल? तू लावनार कौल?"

"लावणार नाही म्हणूनच सांगते आहे."

"मंग इचार कशाचा करत बसली? आन् समज मागितलंस आन् ती न्हाई म्हनली, मंग काय करशील? मागनाऱ्याला न्हाई ऐकून घ्यावं लागतं. आमी लई ऐकलंय."

मीही चिडले. म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्हाला नोकरी कायम होती." दादा ताट घेऊन उठले. आमच्या घरात भांडण असंच होतं. आवाज वाढत नाही, माणूस उठून जातो. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त चहा, पाणी आणि गॅसची टाकी यांबद्दल बोललो.

दादांचं ते "लई ऐकलंय" कुठून आलं ते मला ठाऊक होतं. ते लहान होते तेव्हा गावातल्या एका देवळाच्या पायऱ्यांखाली आमच्या लोकांनी उभं राहायचं असे. वरून प्रसाद टाकायचे. अंतर राखून टाकलेला प्रसाद ओंजळीत येईच असं नाही, बऱ्याचदा तो मातीत पडे, आणि पोरं तो फुंकून खात. दादांनी ही गोष्ट आम्हाला एकदाच सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही. पुढे देवळं सगळ्यांना उघडी झाली, पण तोवर दादांना आत जायचंच उरलं नव्हतं. लग्नकार्याला देवळाच्या मंडपात बोलावलं तरी ते बाहेर पारावर बसून असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "हंगामात उसाची मिल बंद पडली तर मिल उचलून वर्कशॉपात न्हेत्यात का? वर्कशॉप मिलपाशी जातं."

मी चहा गाळत होते. समजायला थोडा वेळ लागला.

कॉलेजच्या अडगळीत एक जुना सूक्ष्मदर्शक पडून होता, विजेच्या दिव्याऐवजी खाली आरसा असलेला. कुणाला नको होता, त्यामुळे मला लगेच मिळाला. त्याचा वर-खाली करायचा स्क्रू घट्ट बसला होता. दादांनी तो जुन्या वर्तमानपत्रावर खोलला, रॉकेलनं पुसला, शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि परत बसवला. मग म्हणाले, "म्या येतो. तू हे यष्टीत आपटशील." मी नको म्हटलं. डोंगर आहे, चालायचं आहे, तुमचे गुडघे बघा. त्यांनी पिशवीत स्वतःचा दाढीचा आरसा टाकला. राईत अंधार असतो, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

यष्टीनं संगमनेर, तिथून अकोले, मग राजूर आणि पुढे जीप. वाडीत भगत भेटले. मी सांगितलं, काही नेणार नाही, इथेच चिरून बघेन आणि सगळं इथेच ठेवून जाईन. त्यांनी जरा विचार केला. "हितलं हितंच ऱ्हानार ना? मंग देवीला इचारायचं कशाला? बघा की." माझ्या डोक्यावरचा मोठा दगड इतक्या सहज उतरला की मला थोडी फसवणूक झाल्यासारखंच वाटलं.

राईत सपाट जागा एकच होती, तो ओटा. बाकी सगळीकडे उतार, पाला आणि मुंग्या. मी चपला काढून ओट्याच्या कडेला मांडी घातली आणि सूक्ष्मदर्शक पुढ्यात ठेवला. मला त्यात काही वाटलं नाही. माझ्यावर कुणी वरून प्रसाद टाकलेला नव्हता. दादा खाली जमिनीवर उभे राहिले. मोकळ्या जागेत उन्हाचा एक कवडसा पडत होता. त्यात दाढीचा आरसा धरून ते उजेड माझ्याकडे वळवू लागले. ऊन थेट डोळ्यात जाऊ नये म्हणून मी मध्ये बटर पेपर लावला होता. उंबराच्या सालीवरची एक रेघ ब्लेडनं चिरली, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, आयोडीनचा थेंब सोडला आणि डोळा लावला.

पहिले काप जाड आले. नंतरचे फाटले. बीजाणू दिसायचे तर काप कांद्याच्या पापुद्र्यासारखा लागतो. माझी मान आखडली, चिडचिड व्हायला लागली. वाडीतल्या दोघी-तिघी बाया येऊन बघून गेल्या. वनरक्षक झाडाखाली बसली होती. भगत ओट्याच्या खांबाला टेकून तंबाखू मळत होते. अखेर एक काप चांगला आला. मी बारीक स्क्रू फिरवत होते, बीजाणूंच्या पिशव्यांसारखं काहीतरी दिसायला लागलं होतं, आणि सगळं काळं झालं.

"दादा, उजेड गेला."

"ऊन वर सरकलं." त्यांचा आवाज खालून आला.

मी डोळा न काढता समजले. उन्हं कलली तसा कवडसा छपराखालून ओट्यावर चढला होता, देवीच्या पुढ्यात. आरसा त्या उन्हात धरायचा तर ओट्यावर उभं राहावं लागणार होतं.

"राहू द्या," मी म्हणाले. "थांबू थोडं."

"थांबून काय ऊन खाली येतंय व्हय?"

काचपट्टीवरचं पाणी वाळत चाललं होतं. तसा काप पुन्हा जमेल याची खात्री नव्हती. पण मी दादांना वर या म्हणणार नव्हते. नाव मिळो न मिळो.

"वर या की पाव्हणं," भगत म्हणाले.

दादा खालूनच म्हणाले, "आमी बौद्ध हाय."

राईत पाखरांचा आवाज असतो, तो एरवी ऐकू येत नाही. मला भीती वाटली, खरोखरची. भगत काय म्हणतील याची, आणि ते ऐकून या वयात दादांचं काय होईल याची. मी डोळा भिंगालाच लावून ठेवला. तिथे काळोखच होता.

"मंग?" भगत म्हणाले.

"आमी देवाला हात जोडत न्हाई. आन् आमच्या लोकांना वर घेत न्हवते."

"कुटं?"

"आमच्या गावाला."

"ती तुमच्या गावची गोष्ट झाली. हितं तुमाला कुनी अडवलंय? चपला काढा तेवढ्या. त्या समद्यांनीच काढायच्या असत्यात."

मग चपलेचा पट्टा सुटल्याचा आवाज आला. एका पायाचा, मग दुसऱ्याचा. दादांचे गुडघे वर चढताना कटकन वाजतात, तेही मी ऐकलं. आणि भिंगातला काळोख आधी तांबूस झाला आणि मग पांढरा.

उजेड जरा इकडेतिकडे सरकला आणि जागेवर बसला. पिशव्या स्वच्छ दिसल्या, प्रत्येकीत लांबट बीजाणू, आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले, आयोडीननं निळेजांभळे झालेले. इतके दिवस मला जे बघायचं होतं ते हेच होतं. मला रडू आलं. डोळा ओला झाला की सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, म्हणून मी दुसरा डोळा लावला आणि कागदावर चित्र काढत राहिले. काम होईपर्यंत मी मान वर केली नाही. दादांनीही "झालं का" विचारलं नाही.

संपल्यावर काप आणि सालीची ढलपी उंबराच्या बुंध्याशी ठेवून दिली. दादांनी भगतांकडून तंबाखू घेतली आणि दोघं ओट्याच्या कडेला पाय सोडून बसले. ओट्याच्या एका खालच्या दगडाची सांध सुटली आहे, पाऊस गेला की बसवून घ्या, असं दादा त्यांना सांगत होते.

गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. विहारात दादांच्या मित्रानं सगळ्यांदेखत चिडवलं, "काय रं, देवळात गेल्ता म्हनं. हात जोडले का न्हाई?" दादा म्हणाले, "हात कुटं मोकळे हुते? आरसा हुता हातात." हसणारे हसले. काहीजण हसले नाहीत, तेही मी पाहिलं.

ते शैवाक नवं नव्हतं. सह्याद्रीत इतर ठिकाणी त्याची नोंद आहे, माझ्या अभयारण्यात मात्र नव्हती. मी नाव, वर्णन आणि चित्र पुण्याला पाठवलं. मार्गदर्शक म्हणाले, "काम सुंदर आहे. पाकीट कुठंय?" पाकीट नाही म्हटल्यावर म्हणाले, नोंदही नाही. मी वाद घातला नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. उद्या कुणाला शंका आली तर त्यानं उघडून बघावं यासाठीच पाकीट असतं. देवीचा नियम देवीपाशी, संग्रहाचा नियम संग्रहापाशी. मी प्रबंधाच्या यादीतून तो क्रमांक काढला आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकानं मागे सरकवले.

प्रबंध बांधून आला तेव्हा दादांनी चष्मा पुसून तो मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येतं. चित्रं बघत बघत ते शेवटपर्यंत गेले, परत मागे आले.

"आपलं कंच्या पानावर हाय?"

"ते नाही त्यात." आणि का नाही ते मी सांगितलं.

त्यांनी प्रबंध मिटला. बोटं कव्हरवरच राहिली.

"मंग म्या वर चढलो कशाला?"

मी उत्तर शोधलं नाही. माझ्याजवळ एकच होतं आणि ते खरं होतं.

"मला दिसावं म्हणून, दादा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग प्रबंध पुन्हा उघडला आणि पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून, वाचायला सुरुवात केली.